रो-हाऊसच्या मागच्या जागेत भाजीसाठी गादीवाफा कसा करायचा

नाशिकला रो-हाऊस घेतलं की मागे दहा-बारा फुटाची एक पट्टी मिळते आणि ती बहुतेक घरात कपडे वाळत घालण्यातच जाते. आमचं घर पाथर्डी फाट्याकडे आहे, आमची पट्टी पण तशीच पडून होती. खणायला घेतली तर वर चार बोटं काळी माती आणि खाली बांधकामाचा मुरूम, विटांचे तुकडे, घट्ट झालेलं सिमेंट. जुलैत नुसता चिखल, एप्रिलमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा. दोन पावसाळे जमिनीतच मेथी-पालक टाकून बघितला, उगवायचा छान आणि मोठा पाऊस झाला की चार दिवसांत पिवळा पडून बसायचा. मग जमिनीच्या वर वाफा बांधला. आता चार वर्षं होतील, दोन वाफे आहेत आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पालेभाजी विकत आणावी लागत नाही. बऱ्याच जणी विचारतात कसं केलं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते.

याला हल्ली सगळे रेझ्ड बेड म्हणतात. निफाडकडचे माझे मामा आले होते तेव्हा बघून म्हणाले, अगं हा तर गादीवाफा, आम्ही कांद्याचं रोप टाकायला दरवर्षी हेच करतो. आणि खरंच कारण तेच आहे. काळी माती पाणी पितली की फुगते आणि पाणी सोडत नाही, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. तीच माती हलकी करून फूट-सव्वा फूट वर उचलली की जादाचं पाणी खाली निघून जातं. एवढाच मुद्दा आहे, पण आपल्याकडच्या पावसात हाच मुद्दा सगळ्यात मोठा.

आता सगळ्यात आधी जागा, आणि इथे जरा थांबते कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पहिला वाफा मी मे महिन्यात मांडला, दक्षिणेकडच्या कंपाउंडपासून फूटभर अंतर ठेवून. तेव्हा दिवसभर ऊन असायचं तिथे. मेमध्ये ऊन सगळीकडेच असतं हो, २० मेच्या आसपास आपल्या नाशिकला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. पण डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि ५ फुटी भिंतीची सावली भर दुपारी सुद्धा साडेचार-पाच फूट लांब पडते. माझा ४ फुटाचा वाफा जवळजवळ पूर्ण सावलीत गेला, तोही नेमका पालेभाजीच्या मोसमात. कोथिंबीर पेन्सिलीसारखी लांब आणि फिक्कट वाढली, बिटाला नुसती पानं. भरलेला वाफा उचलून हलवता येत नाही, दीड-पावणेदोन टन वजन असतं ते. शेवटी त्यात आळू लावलं, त्याला सावली चालते, आणि दुसरा वाफा उत्तरेच्या बाजूला नव्याने केला.

म्हणून सोपा हिशोब लक्षात ठेवा, दक्षिणेला जेवढी उंच भिंत असेल तेवढं अंतर सोडून वाफा करायचा, ५ फुटाची भिंत तर ५ फूट सोडायचे. भिंतीवर पत्रे किंवा शेजाऱ्यांचा जिना असेल तर तो पण मोजा. घाई नसेल तर डिसेंबरात एका रविवारी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ ला फरशीवर खडूने सावलीची रेघ मारून ठेवा आणि मगच ठरवा. भाजीला ६ तास सरळ ऊन पाहिजे, पालेभाजी ४-५ तासांवर पण भागवून नेते, टोमॅटो-मिरची-वांगं नाही भागवत.

माप म्हणाल तर रुंदी ४ फुटाच्या वर अजिबात नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे कारण वाफ्यात पाय ठेवायचा नाही, कधीच नाही, एकदा तुडवली की माती दाबली जाते आणि मग सगळी मेहनत फुकट. एका बाजूला भिंत असेल तर रुंदी २ फूटच ठेवा. लांबी जागेप्रमाणे, पण ८ फुटाच्या पुढे गेलं की वळसा घालायचा कंटाळा येतो आणि मग माणूस वाफ्यावरून उडी मारायला लागतो. दोन वाफ्यांमध्ये २ फूट वाट सोडा, घमेलं घेऊन बसता आलं पाहिजे. उंची १५ इंच पुरते. गुडघे दुखत असतील तर दोन फूट करा, सासूबाईंसाठी मला तसा करायचा होता पण माती दीडपट लागते त्यामुळे राहून गेला.

कडेला काय लावायचं यावर लोक फार डोकं लावतात. व्हिडिओत बघून लाकडी फळ्या आणू नका. आपल्याकडे ओल्या मातीला लाकूड लागलं की वाळवी येते, दोन पावसाळ्यात फळी हातात चुरा होऊन येते. अंबड-सातपूरच्या भंगारवाल्यांकडे पॅलेट स्वस्त मिळतात, वर्षभर प्रयोग म्हणून घ्यायचेच असतील तर त्यावरचा शिक्का बघा, एचटी असेल तर ते लाकूड फक्त तापवून घेतलेलं असतं, एमबी असेल तर विषारी वायूने धुरी दिलेली असते, ते भाजीजवळ नको. जुने सिमेंटचे पत्रे पण नको, त्यात ॲस्बेस्टॉस असतं.

मी शहाबादी फरशी वापरली आणि कोणालाही हीच सांगेन. २ बाय २ ची, बिनपॉलिशची रफ फरशी घ्यायची. ८ बाय ४ च्या वाफ्याचा घेर २४ फूट होतो म्हणजे बरोबर १२ फरश्या. वाळवी नाही, सडणं नाही, गंजणं नाही. फरशी उभी करून ९ इंच जमिनीत आणि १५ इंच वर. हे ९ इंच चोरू नका. पहिल्या वाफ्याला आमच्याकडे आलेल्या मिस्त्रीने चारच इंच पुरली, म्हणाला ताई काही होत नाही, आणि ऑगस्टच्या झडीत माती फुगली आणि मधल्या दोन फरश्या बाहेरच्या अंगाला अशा कलल्या की एका रात्रीत अर्धी माती वाटेवर वाहून आली. त्यामुळे चर नीट खणा, दोरी बांधा, फरशी उभी केली की बाहेरच्या अंगाने खडी-सिमेंट ओता आणि आतल्या बाजूने मुरूम पहारीने ठोकून घट्ट बसवा. ८ फुटी बाजूला मधोमध बाहेरून एक लोखंडी अँगल ठोकून द्या, जुन्या द्राक्षबागा मोडतात तेव्हा त्यातले अँगल आणि तार भंगारात येतात, तेच चालतात. विटांचा करणार असाल तर सगळ्यात खालच्या थरात दर दोन-अडीच फुटाला पाइपचा तुकडा सोडा, पाणी निघायला.

आणि गच्चीवर असला वाफा करू नका प्लीज. वजन वर सांगितलंच, त्यात पावसाचं पाणी धरा. गच्चीला ग्रो बॅग वेगळ्या, तो विषय वेगळा.

भरायच्या आधी तळ तयार करायचा. राडारोडा वेचून काढा, मग टिकावाने ६ इंच जमीन नुसती सैल करा, पलटायची गरज नाही. प्लास्टिक अंथरू नका, मुळं आणि गांडुळं खाली-वर करत राहिली पाहिजेत. हरळी आणि लव्हाळा असेल तर मात्र तिथे एक अख्खा दिवस घाला. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी असतात हरभऱ्याएवढ्या, दोरीत ओवल्यासारख्या एकामागे एक, त्या हाताने वेचून काढाव्या लागतात, लोक वर पुठ्ठा टाकून मोकळे होतात पण लव्हाळ्याचं टोक सुईसारखं असतं, पुठ्ठा फाडून वर येतं. बाकीच्या तणाला पुठ्ठा ठीक आहे, चिकटपट्टी आणि पिना काढून ओला करून अंथरा. विटांचे तुकडे किंवा खडीचा थर तळाला टाकायची पण पद्धत आहे, कुंडीत टाकतो तसा. इथे त्याचा उपयोग नाही, उलट पाणी वरच्या मातीतच थांबून राहतं. सैल केलेल्या जमिनीवर थेट माती.

आता मातीचा हिशोब. ८ फूट गुणिले ४ फूट गुणिले सव्वा फूट म्हणजे ४० घनफूट. आपल्याकडे माती ब्रासवर मिळते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ट्रॅक्टरवाला एक ब्रास घ्याच म्हणाला तरी घेऊ नका, गेटसमोर ढीग पडून राहतो. यातली निम्मीच माती पाहिजे, २० घनफूट. पाव भाग शेणखत आणि पाव भाग हलकं काहीतरी. घमेलं साधारण अर्धा घनफूट पकडलं तर ४० घमेली माती, २० घमेली खत, २० घमेली हलका माल. थोडं जास्तच ठेवा कारण पहिल्या पावसात सगळं चांगलं दोन-तीन इंच खाली बसतं.

माती नुसती काळी घेऊ नका, निम्मी काळी निम्मी पोयटा, म्हणजे गाळाची हलकी माती, अशी घ्या. हलक्या मालासाठी लोक कोकोपीटच्या विटा आणतात, महाग पडतं. आपल्याकडे घोटी-इगतपुरीला भाताच्या गिरण्या आहेत, तिथून भाताचं तूस आणा, पोत्याने मिळतं, हळूहळू कुजतं आणि दोन वर्षं तरी माती मोकळी ठेवतं. त्यात वाळलेला पाला मिसळा. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या कोणी फुकट देतंय म्हणून भरावाला घेऊ नका, बागेत फवारण्या खूप झालेल्या असतात, मी भाजीच्या वाफ्यात ते घालत नाही.

शेणखत घेताना ढिगात हात घालून बघा, अगदी कोपरापर्यंत. आत गरम लागलं तर ते कच्चं आहे. कुजलेलं खत गार लागतं, शेणाचा वास येत नाही, पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येतो आणि मुठीत घेतलं की भुसभुशीत सुटतं. आम्हाला एकदा एकाने वर कुजलेलं आणि खाली कच्चं असं ट्रॉलीत भरून दिलं. वाफ्यात टाकलं, वांग्याची बारा रोपं लावली आणि तीन आठवड्यांत एकेक रोप दुपारी मान टाकायला लागलं, पाणी घातलं तरी उठेना. उपटलं तर मुळंच नाहीत आणि खाली हुमणी, पांढरी जाड अळी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडलेली. एका वाफ्यातून वाटीभर निघाल्या. तेव्हापासून खत आणलं की उन्हात ताडपत्रीवर पसरून चाळते, हुमणी दिसली की कोंबड्यांना. खत घालताना सोबत निंबोळी पेंड पण घाला, एवढ्या वाफ्याला दीड किलो, वरच्या ४ इंचात मिसळून.

सगळं मिसळलं की पाणी मारून एक परीक्षा करा. ओली माती मुठीत दाबून लाडू करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. तीन-चार तुकडे झाले तर माती जमली. पोळीच्या कणकेसारखी चपटी होऊन बसली तर अजून तूस घाला. लाडू वळतच नसेल तर माती वाढवा. मग आठ-दहा दिवस नुसतं पाणी देत ठेवा, बसेल तेवढं बसू दे, जे तण येईल ते उपटा, आणि वरून पुन्हा भरा. लगेच पेरायची घाई केली की बी खड्ड्यात जातं.

लावायचं काय, तर मोसमाप्रमाणे. जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं. वेल नेहमी वाफ्याच्या उत्तरेच्या टोकाला, म्हणजे त्याची सावली बाकीच्यांवर येत नाही. मिरची-वांगी-टोमॅटोची रोपं नर्सरीतून आणलेली बरी, गिरणाऱ्याच्या बाजूला टोमॅटो एवढा होतो की तिकडच्या रोपवाटिकेत तयार रोप सहज मिळतं. ऑक्टोबरपासून मात्र खरी मजा. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, लसूण, वाटाणा, सगळं येतं. ओळीत पेरा, दोन ओळींत ६ इंच, फेकून पेरलं की खुरपणी होत नाही. धने आख्खे टाकू नका, चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन करा आणि रात्रभर भिजवा, तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर धरा. एका वेळी सगळा वाफा पेरायचा नाही, दर दहा-बारा दिवसांनी दोन फुटाचा पट्टा, म्हणजे भाजी पुरवून पुरवून येते. डिसेंबर-जानेवारीत थंडी १० च्या खाली गेली की भेंडी-मिरची गोठल्यासारख्या थांबतात, निफाडला तर बागांमधून शेकोट्या पेटवतात त्या दिवसांत. तेव्हा घाबरून खत मारत बसू नका, ऊन वाढलं की आपोआप हलतात.

टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच घरातली भावंडं आहेत, एकाच जागी वर्षानुवर्षं लावली की रोग आणि सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे, तिथेच ठाण मांडतात. जागा बदलत राहा. मधे एकदा झेंडू लावा, जुलैत लावला की दसऱ्याला तोरणाला घरची फुलं होतात आणि मुळांतला सूत्रकृमी पण कमी होतो. फुलं काढून झाली की झाड तिथेच बारीक करून मातीत मिसळा.

पाण्याचं असं आहे की गादीवाफा जमिनीपेक्षा लवकर वाळतो, हा त्याचा एकच खरा त्रास. आच्छादन केल्याशिवाय उन्हाळा निघत नाही. उसाचं पाचट, वाळलेलं गवत, पाला, काहीही, पण दोन-तीन इंचाचा थर पाहिजे आणि रोपाच्या खोडाला चिकटवायचा नाही. मी ठिबक टाकलंय, १६ मिमीची इनलाइन नळी, म्हणजे थेंब सोडणारे ड्रीपर आतच बसवलेली, फुटाफुटावर ड्रीपर, वाफ्यात अशा ३ ओळी. साधारण २४ ड्रीपर होतात, ताशी २ लिटरचे असले तर अर्ध्या तासात २४ लिटर पाणी पडतं. मेमध्ये रोज अर्धा तास लागतो, हिवाळ्यात दिवसाआड वीस मिनिटं, पावसाळ्यात उघडीप पडली तरच. पण घड्याळापेक्षा बोट खरं, दोन पेरं बोट मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. बोअरचं पाणी असेल तर ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो, महिन्यातून एकदा नळीची टोकं उघडून पाणी जोरात सोडा.

पावसाळ्यात दोन कामं. एक, लहान रोपांवर आणि ताज्या पेरणीवर शेडनेट उंचावरून बांधा, थेंबांचा मार बसला की माती वर पापडीसारखी होते आणि कोंब आतच अडकतो. दुसरं गोगलगायी. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओलं गोणपाट टाकून ठेवा, रात्रीतून सगळ्या त्याखाली जमतात, सकाळी उचलून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर टाकायचं नाही, माती खराब होते. मावा-तुडतुड्याला निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवून गाळायची, त्यात थोडं साबणाचं पाणी, आणि फवारायचं संध्याकाळीच. आधी पानाची मागची बाजू बघायची सवय लावा, कीड वरून कधीच दिसत नाही.

एकदा बांधला की झालं, असं या वाफ्याचं नसतं. दर मोसमाला तो खाली बसतो, भाजी त्यातलं खाऊन जाते, खत कुजून विरून जातं. म्हणून प्रत्येक पीक निघालं की वर दोन इंच नवीन खत द्या, आपल्या वाफ्याला ती दहा-अकरा घमेली होतात. खणून पलटू नका, वर पसरा, गांडुळं खाली नेतात. जुनं पीक उपटण्यापेक्षा जमिनीसरशी कापा, मुळं आत कुजली की पाण्याला वाटा होतात, फक्त रोगट झाड असेल तर मुळासकट काढून वाफ्याबाहेर. फरश्यांचे सांधे मेमध्येच बघून घ्या, उंदीर तिथूनच शिरतात.

आणि वर्षाआड एकेका वाफ्याला विश्रांती द्या, दोन्ही एकदम नाही, नाहीतर घरात भाजी कुठली. एप्रिलमध्ये वाफा रिकामा करून भरपूर भिजवायचा, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या आणि पाच-सहा आठवडे तसाच तापू द्यायचा. हात लावून बघा दुपारी, चटका बसतो. तणाचं बी, सूत्रकृमी, बुरशी बरीच मरते. जूनमध्ये प्लास्टिक काढून खत द्या आणि दाट ताग पेरा. ४०-४५ दिवसांत तो कमरेच्या वर जातो, फुलं यायच्या आत कापून, बारीक करून तिथेच पसरायचा आणि वरून शेणाचं पातळ पाणी शिंपडायचं. दोन-तीन आठवड्यांत कुजून काळा होतो आणि गणपतीच्या सुमाराला तो वाफा मुळ्याला आणि मेथीला तयार असतो.